आईच्या दाढा

काल बाजारात आईने पाणीपुरी हातावर फोडली आणि दोन घासांत खाल्ली. मी म्हणालो, "अख्खी घाल ना तोंडात."

"मावत नाही रे हल्ली," ती हसली आणि कमरेच्या चंचीतून सुपारीचे खांड काढले.

सातवीत दातांची आकृती काढायची होती, तेव्हा आई माझ्यासाठी उंबऱ्यावर उन्हात आ वासून बसली होती. मी एकेक दाढ मोजून वहीत उतरवली. जबडा दुखला, तरी तिने तोंड मिटले नाही. माझ्या जीवशास्त्राच्या पदवीची सुरुवात त्या दाढांपासून झाली, असे मला वाटते.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आई, आ कर. तुझी तीन बोटे उभी घालून बघ."

"परीक्षा संपल्या ना तुझ्या?"

तीन मावायला हवीत; तिची दोनच बोटे गेली. गालाचे अस्तर सुपारीने आतून पांढरट, ताठ झालेले दिसले. घास, हाक, हसू ज्या दारातून येते-जाते, ते दार हळूहळू मिटत होते आणि शिकल्यासवरल्या मला दिसले नव्हते.

"किती मार्क?" तिने विचारले.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

तिने कमरेची चंची सोडून माझ्या हातात दिली. तेव्हा मी जास्तच घाबरलो. म्हणजे तिला केव्हाचे कळले होते.