गुंडाप्पामामांची डबी

नळदुर्गाकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात औषधं वरचेवर संपायची, किस्से काही संपले नाहीत. मी टीबीचा कर्मचारी. बहात्तरच्या दुष्काळी कामांवर सायकल मारत जायचो आणि खोकणारी माणसं हुडकायचो. त्यात माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं ते गुंडाप्पामामांनी.

*

मामा पंचेचाळिशीचे, खडी फोडायचे. अंगावर धूळ, तोंडात बिडी आणि कायमचा खोकला. मी डबी दिली, सकाळी उठल्याउठल्या खोकून बेडका आणा म्हटलं. आणला. तपासणीत जंतू निघाले, गोळ्या सुरू केल्या.

महिन्यानं आले ते खोकतच. मी विचारायला लागलो तर सहज बोलून गेले, "माझा खोकला कोरडा, काय निघंना. म्हणून डबी नागूला दिली. तिला लई झकास निघतो."

माझं टाळकंच फिरलं! आजार बायकोला आणि गोळ्या ह्यांच्या पोटात. तशीच त्यांच्या घराकडं सायकल काढली.

*

मामांच्या छातीचा फोटो स्वच्छ आला. नागामामी मात्र चाळिशीतच वाळून गेलेल्या. मी फॉर्म भरायला घेतला. बिडी? न्हाय. दारू? न्हाय. साखर? "च्यात बी नसती," म्हणाल्या.

सगळे रकाने कोरे. मी वैतागून विचारलं, मग जेवता तरी काय?

"कामावर खायला वाटत्यात ती सुकडी पोरं खात्यात. मी सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर."

मामा खाली बघत बसले. माझा त्यांच्यावरचा राग तिथंच गेला.

*

दुसऱ्या दिवसापासून मामा हट्टाला पेटले. मामीनं गोळी घेऊन पोटभर खाल्ल्याशिवाय स्वतः घास घ्यायचे नाहीत. गाव हसलं, ह्यांनी हसू दिलं. मध्ये मामी बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडायला निघाल्या, मामांनी ऐकलं नाही. बिडी तेवढी सुटली नाही, पण ती दारापासून लांब जाऊन ओढायला लागले.

*

डॉक्टरसाहेब म्हणाले, खोलीत वारं येत नाही, एक झरोका पाडा. खडी फोडणारा हात तो! भिंतीला एवढं भगदाड पडलं की शेजारची म्हैस आत तोंड घालायला लागली. मामी म्हणाल्या, वारं आलं ते आलं, पाहुणीबी आली.

*

तेव्हा गोळ्या दीड वर्ष चालायच्या, ते पुरं झालं. शेवटच्या तपासणीला डबी देताना मी चार वेळा बजावलं, बेडका मामीचाच पाहिजे.

चार दिवसांनी मामा आले. रिकामी डबी टेबलावर ठेवली. डोळे भरलेले.

"सायेब, तीन दिस झालं, उठल्याउठल्या तिला खोकाय लावतोय. काय बी निघंना."

मग जरा पुढं वाकून हळूच म्हणाले, "माझा चालंल का?"