पांढरा उजवीकडे, तांबडा डावीकडे

सातासमुद्रापार कुठं लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याच्या-त्याच्या बैलबंड्या रस्त्यावर, आमचीच तेवढी दारात उभी. घरधनी अमरावतीच्या बाजारात भरल्या बंडीवरून पडले आणि दगडावर डोकं आपटलं. जीव वाचला, मला ओळखत, पण पाणी हवं असलं की मीठ मागायचे. उजवं-डावं तर पार विसरले. धोतर नेसायला सकाळ सरायची, आणि मी मदतीला गेले की हात झिडकारायचे. राग तेवढा शाबूत होता. खरं सांगते, मला त्याचाच मोठा धीर वाटायचा.

हळूहळू आपल्या हातानं भाकर मोडू लागले, विहिरीवर आंघोळ करू लागले. अडलं ते बैल जुंपण्यापाशी. पांढरा उजवीकडे चालणारा, तांबडा डावीकडे. हे नेमके उलटे न्यायचे. बैल माना झटकायचे, जू खाली पडायचं आणि हे तिथंच मटकन बसायचे.

थोरले दीर म्हणाले, "इकून टाकू जोडी. याच्यानं काय होते आता?"

थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात रीत नाही. मी पदर पुढं ओढला आणि सासूकडे तोंड करून कडाडले, "आत्याबाई, सांगा त्याईले! बैल गेले तं हा मानूस खाटेवरून उठनार नाई!"

"आयकलं त्यानं," सासू म्हणाली. "भयरा नाई तो."

कापसाच्या पहिल्या वेचणीपर्यंत थांबायचं ठरलं.

वेचणी झाली त्या दिवशी बंडी भरली. दीर अंगणात हाताची घडी घालून उभे. मी दाराआड. "पांढरा उजवीकडं" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते, ते कसे गिळले माझं मला ठाऊक. ह्यांनी बैलांना ओढलंच नाही. दोघांना सोडलं, जू वर उचलून धरलं आणि जिभेनं चुचकारलं. बैल आपले आपण आले आणि आपापल्या जागी माना दिल्या. दीर हाताची घडी सोडून आत गेले.

बंडी अकोल्याच्या वाटेला लागली. मला कुठं राहवतंय! गेले मागून. नाल्यापलीकडे ह्यांनी वळूनही न बघता हाक दिली, "मांगं मांगं काहून येऊन रायली वं? जाय घरी. संध्याकायी आलो म्हन्जे पानी दे मले. मीठ नोको देऊ."

मेला कसला माणूस तो! भर रस्त्यात मला रडवलं. मग डोळे पुसले आणि त्यांना एकट्याला जाऊ दिलं.