तळं सगळ्यांचं होतं म्हणे

तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावाची जमीन काळी, कापूस चांगला आणि विहिरींचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. जरा गोड पाण्याची एकच विहीर होती, ती पाटलांच्या गल्लीत. आमच्या वस्तीतल्या बायका त्या विहिरीपासून लांब घागरी मांडून बसायच्या. कोणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आलं तर बसा. आम्ही बौद्ध झालो, घरातले जुने देव गेले, पण विहिरीजवळचं ते बसणं काही गेलं नाही.

मी अमरावतीला वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले आणि गावी परतले, तेव्हा साठ साल उलटून गेलं होतं. त्याच सुमाराला अकोल्याचं एक सेवा मंडळ आमच्या गावात आलं. मंडळाचे अध्यक्ष जठारपेठेत राहणारे एक वकील. खादी पांढरीशुभ्र, आवाज मधाळ. युरोपातल्या कुठल्याशा संस्थेशी त्यांचं सूत जमलं होतं. तिकडची तरुण मंडळी येणार, गावकऱ्यांबरोबर श्रमदान करणार आणि पावसाचं पाणी साठवायला तळं खोदणार, असं ठरलं. खाऱ्या जमिनीत खोल जाण्यापेक्षा वरचं पाणी अडवणं शहाणपणाचं, हे कोणालाही पटण्यासारखं होतं. मला इंग्रजी थोडंफार येत होतं, म्हणून वकीलसाहेबांनी मला दुभाषी नेमलं.

"तळं कोणाचं राहील?" मी पहिल्याच बैठकीत विचारलं.

"अगं, सगळ्यांचं!" ते म्हणाले. "जगभरातले लोक इथं हात लावायला येताहेत. यात कोणाचं एकट्याचं काय असणार?"

पाटील शेजारीच बसले होते. त्यांनीही मान हलवली. मी ती मान हलताना स्वतः पाहिली आहे.

उन्हाळाभर काम चाललं. पाटलांच्या गल्लीतले लोक फोटो काढायचे असत तेव्हा यायचे, नारळाएवढी माती उचलायचे आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसायचे. खरं खोदकाम आमच्या वस्तीनं केलं. परदेशी पोरं मात्र मन लावून राबली, हे मला नाकारता येत नाही. त्यांच्यातली एक उंच, उन्हानं नाकाची सालं निघालेली मुलगी माझ्या मायच्या बरोबरीनं घमेली उचलायची. दुपारी आमच्याच घरी भाकर आणि ठेचा खायची, डोळ्यांतून पाणी काढत हसायची. तिनं मोडकंतोडकं हिंदी शिकून घेतलं होतं. मायला ती 'माँ' म्हणायची. माय म्हणायची, "बाप्पा, हे पोट्टी किती कामाची हाये!" मला ती आवडायची. म्हणूनच पुढचा राग जास्त.

पावसाळा संपला, तळं भरलं आणि परदेशी पोरांचं पथक उद्घाटनासाठी पुन्हा गावात आलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच माय घागर घेऊन गेली आणि रिकामी परत आली. तळ्याच्या पाळीवर पाटलांचे दोन गडी उभे होते.

"त्यायनं मले खाली उतरूच नाई देल्लं," ती म्हणाली. "म्हनते, तुमच्यासाठी मागच्या अंगाले वेगळा खड्डा करून देऊ."

"मग तू काय म्हटलं?"

"मी काय म्हननार? रिकामी घागर उचलली अन् वापस आली."

मी तशीच वकीलसाहेबांना गाठायला गेले. ते हार मोजत होते. माझं सगळं ऐकून त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, आज पाहुणे आहेत. संस्थेचं पुढचं काम याच्यावर अवलंबून आहे, आणखी चार गावांना तळी मिळायची आहेत. बदल हळूहळू होत असतो."

"कोणाच्या सोयीनं हळूहळू?" मी विचारलं. ते हार उचलून मंडपाकडे निघून गेले.

सभेत ते बोलायला उभे राहिले. एकेक वाक्य बोलायचे, थांबायचे आणि मी ते इंग्रजीत सांगायचे. देश किती, भाषा किती, तरी माती एकच, वगैरे झालं. मग ते म्हणाले, "आज या काठावर जात उरली नाही, धर्म उरला नाही." आणि माझ्याकडे पाहून थांबले.

मी ते सांगितलं नाही. पाहुण्यांकडे वळून मी इंग्रजीत म्हटलं, "आज सकाळी माझ्या आईला या पाण्यावरून हाकलून दिलं. हे तळं खोदणाऱ्या एकाही बाईला इथं पाणी भरू देणार नाहीत."

वकीलसाहेबांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि ही मुलगी भावनेच्या भरात बोलते आहे, असं हसून सांगितलं. पथकाच्या प्रमुखानं गंभीरपणे मान डोलावली. सभा संपल्यावर तो मला म्हणाला, "आम्हाला वाईट वाटतं. पण आम्ही स्थानिक मंडळामार्फत काम करतो. गावातल्या प्रश्नात आम्ही पडू शकत नाही."

गावात पडून माती उपसता आली त्यांना, प्रश्नात पडता आलं नाही.

ती मुलगी जीपजवळ उभी होती. मी तिला हिंदीत विचारलं, "तू तो माँ बोलती थी ना?" ती रडायला लागली. मला तिचं रडणं नको होतं. तिनं प्रमुखाला तोंडावर एक वाक्य ऐकवलं असतं तरी पुरे झालं असतं. ती जीपमध्ये बसली आणि जीप गेली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बायका घागरी घेऊन एकदम निघाल्या. कोणी बोलावलं नव्हतं, मायनं घराबाहेर पाऊल टाकलं आणि मागून बाया येत गेल्या. मीही होते. पाळीवर या वेळी पाटील स्वतः होते.

"काहून आल्या?" ते मायवर खेकसले. "तुमाले वेगळं देतो म्हटलं ना?"

"पाटील, हे तळं आमी खोदलं," माय म्हणाली. "तुमी सावलीत बसले होते. बाजूले व्हा."

एका गड्यानं तिच्या घागरीवर काठी मारली. घागर फुटली. मायनं शेजारणीची घागर घेतली आणि पाण्यात उतरली. मागून आम्ही सगळ्या उतरलो. इतक्या बायांवर काठी चालवायची त्यांची हिंमत झाली नाही. संध्याकाळी फौजदार आले आणि समजुतीनं घ्या, असं दोन्हीकडे सांगून पाटलांकडे चहा पिऊन गेले.

मग आमच्या वस्तीचं कापूस वेचणीचं काम बंद झालं. ऐन कापूस फुटलेला आणि आमच्या बायांना कोणी वावरात घेईना. तळ्याच्या खालच्या अंगाला एका माळीणबाईचा भाजीचा मळा होता. तिनं काही जणींना निंदायला लावलं. मजुरी कमी दिली, पण दिली. तिच्या भावकीनं तिला फैलावर घेतलं तेव्हा ती म्हणाली, "माह्या वांग्याले कोनाचा हात लागला ते समजते का?" त्या दिवसांत आम्ही अर्धपोटी राहिलो. लहान पोरं भूक लागली म्हणून भांडायची आणि माय त्यांना मारायची. पाणी जिंकलं म्हणून घरात कोणी नाचत नव्हतं.

शेवटी पाटलांचाच कापूस वाऱ्यानं गळायला लागला. त्यांचा माणूस वस्तीत बोलवायला आला. बाया गेल्या, पण 'तळ्यावर कोनी अडवनार नाई' हे पाटलांकडून चारचौघांत वदवून घेतल्यावर. पाटलांच्या गल्लीनं त्या तळ्याचं पाणी पिणं सोडलं. गाळ काढायची वेळ आली की तिकडून कोणी फिरकत नसे. दर उन्हाळ्यात आमच्याच बाया गाळ काढायच्या. त्यांनी आपलं महिला मंडळ काढलं आणि अकोल्याच्या मंडळाला त्यात पाय ठेवू दिला नाही.

मला पुढे अकोल्यात सरकारी नोकरी लागली. काही वर्षांनी वकीलसाहेबांनी घरी बोलावलं. बाहेरून नवे पाहुणे यायचे होते आणि लोकांनी इतकी वर्षं तळं कसं टिकवलं, हे त्यांना ऐकायचं होतं.

"तू छान बोलशील," ते म्हणाले. "फक्त तो जुना प्रसंग काढू नकोस. झालं गेलं."

"तो प्रसंग वगळला तर सांगण्यासारखं काय उरतं, साहेब?"

"कडवटपणा किती दिवस ठेवणार?"

मी चहाचा कप न उष्टावता टेबलावर ठेवला. "पाहुण्यांना गावी घेऊन या," मी म्हटलं. "उन्हाळ्यात या, गाळ काढायला. आणि या वेळी तुम्हीही उतरा."

ते कधी आले नाहीत.