घड्याळावरचा मास्तर

प्रकाशा गावी आमच्या घरी चावीचं एक बैठं घड्याळ आहे. तबकडीशेजारी धातूचा दाढीवाला माणूस बसलेला, अंगात झगा, पायाशी गोल. सासऱ्यांनी ते तरुणपणी सुरतेला जुन्या सामानातून उचललेलं. हा कुणी समुद्र ओलांडणारा खलाशी, असं त्यांचं मत. सासूबाई म्हणायच्या, पृथ्वीचा गोल घेऊन बसलाय म्हणजे शाळेतला मास्तर. त्याच्या मुठीत एक भोक होतं. त्यात त्या रोज उदबत्ती खोचत.

गेल्या हिवाळ्यात घराला रंग दिला, मोठा टीव्ही आला आणि घड्याळाला जागाच उरली नाही. ते विकावं असं नवऱ्याच्या मनात आलं. ओळखीतून त्याने सुरतेचे जुन्या वस्तूंचे एक जाणकार बोलावले.

शांत गृहस्थ होते. घड्याळ खिडकीपाशी घेऊन त्यांनी मागचं झाकण उघडलं, बॅटरीच्या उजेडात आत बराच वेळ पाहिलं. घड्याळ फ्रान्सचं, यंत्र मूळचंच. काटे मात्र नंतर बदललेले. माणूस पितळेचा नाही, जस्ताचा, वर नुसता मुलामा. हे ऐकून सासरे जरा हिरमुसले.

मग त्यांनी मुठीतली राख पुसली.

"यात दुर्बीण होती," ते म्हणाले. "हरवली आहे."

हा इटलीतला जुन्या काळचा खगोलशास्त्रज्ञ, दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा. ज्याला आम्ही पृथ्वी समजत होतो, त्या गोलावर त्यांनी आम्हाला ताऱ्यांच्या बारीक खुणा दाखवल्या; गोल आभाळाचा होता. इतकी वर्षं पुसूनही त्या कुणाच्या नजरेला पडल्या नव्हत्या.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "मंग मास्तरच ना तो," त्या म्हणाल्या. "आभायना मास्तर."

सासरे हसले. खलाशाचा विषय त्यांनी तिथेच सोडला.

दुर्बीण नाही म्हणून किंमत बरीच उतरते, तरी आपण घ्यायला तयार आहोत, असं पाहुणे म्हणाले. नवऱ्याने वडिलांकडे पाहिलं.

"घड्याय घरमाच ऱ्हाई," सासरे म्हणाले.

पाहुण्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी चवीने जेवले, आणि निघण्यापूर्वी यंत्राला तेलही घालून दिलं. ते गेल्यावर नवऱ्याने कुणी न सांगता टीव्ही दुसऱ्या भिंतीवर घ्यायला काढला. सासरे त्याच्या हातात स्क्रू देत उभे होते. मधेच मला म्हणाले, आज गुरू कुठल्या बाजूला दिसेल ते जरा फोनवर बघ.