मामाने पाडलेलं भोक

आईची गाडी म्हणजे इंजिन नसलेली गाडी. नौपाड्यातल्या एका निवृत्त काकांनी फिरायला जायच्या हौसेने फायबरचा एक ट्रेलर घेतला होता. जीपच्या मागे जोडायचा आणि निघायचं. आत झोपायला बाक, छोटा ओटा, बेसिन, आणि एका बाजूला वर उघडणारी मोठी खिडकी. पुढे काकांचे गुडघे दुखायला लागले आणि ट्रेलर सोसायटीच्या आवारात पडून राहिला. आई त्यांच्याकडे बरीच वर्षं मासळी द्यायची. एकदा पापलेट साफ करता करता तिने विचारलं, "ही गाडी मला द्याल का?" काकांना वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

त्याआधी आई बाजारात टोपली पुढ्यात घेऊन जमिनीवर बसायची. ट्रेलर आल्यावर ती शीळफाट्याजवळ त्या खिडकीत उभी राहून गरम भाकरी आणि तळलेला बांगडा विकायला लागली. माझ्या लेखी फरक एवढाच होता की गिऱ्हाईक आता तिच्याशी बोलताना मान वर करायचं. तिच्या लेखी किती होता, ते मला नंतर कळलं.

एका संध्याकाळी बाबा आपल्या जुन्या जीपला ट्रेलर जोडून घरी आणत असताना फाट्यावरच मागून टेम्पो येऊन आदळला. आई-बाबा दोघंही पुढे जीपमध्ये होते, म्हणून वाचले. ट्रेलरचा मागचा उजवा कोपरा मात्र फुटला होता. भिंतीवर वरपर्यंत तडा गेलेला आणि खालची जमीन कडेने फाटलेली.

कल्याणच्या गॅरेजवाल्याने बोटाने टकटक करून पाहिलं. "पत्रा असता तर ठोकून काढला असता. हे फायबर. ह्याला आपण हात लावत नाय."

"भंगारात देऊन टाकू," बाबा म्हणाले.

आईने फुटलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे मी परत खाली बसू?"

बाबांनी दुसरीकडे पाहिलं. मी पण पाहिलं. दुसऱ्या दिवशी आईने तिच्या धाकट्या भावाला, माझ्या मामाला, फोन केला. मामा डोंबिवलीच्या खाडीकाठी फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. ट्रेलर त्याच्या शेडमध्ये पोचला, तेव्हा तो वाकून, चक्कर मारून, खालून वरून बघून हसायलाच लागला.

"ताई, ही तर होरीच हाय. फकस्त उलटी घातलीय." आमच्याकडे होडीला होरी म्हणतात.

माझी परीक्षा झाली होती, म्हणून मी रोज त्याच्या हाताखाली जायला लागले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मामा मला प्रत्येक डब्यावरचं इंग्रजी वाचायला लावायचा. ते त्याला पाठ होतं, तरी लावायचा. फुटलेल्या कडा घासून पातळ केल्या. आतून पुठ्ठ्याचा आकार लावला, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई, त्यावर चिकट, सुकून कडक होणारं रेझिन, पुन्हा चटई. मी रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. अंगाला अशी खाज सुटायची की रात्री आई खोबरेल लावून द्यायची आणि म्हणायची, "कॉलेजवालीला मासळीचा वास चालत नव्हता, आता हा चालतोय?"

कोपरा छान झाला. हात फिरवला तर जोड लागत नव्हता. मग मामा जमिनीकडे वळला. फाटलेला भाग बसवला आणि ओट्याखाली, सिलेंडरच्या कप्प्यात, त्याला एक भोक दिसलं. जाळी लावलेलं.

"हे कोनी पाडून ठेवलंय?" तो वैतागला. "पानी आत यायला?"

जाळी काढली, भोक बुजवलं. त्यावरची चटई मीच दाबून बसवली. आई-बाबा बघायला आले, त्या दिवशी मामाने खालून पाइपने पाण्याचा जोर मारला. आत थेंब नाही. "बग," तो आईला म्हणाला, "आता खाडीत सोडलीस तरी तरंगेल!"

आईने लगेच सिलेंडर आत ठेवला. तिला शेगडी लावून बघायची घाई. रेग्युलेटर बसवताना फुस्स आवाज आला. सिलेंडरच्या तोंडातला रबरी वायसर खराब झाला होता. तिने झटकन बंद केलं, दार-खिडकी उघडली. थोड्या वेळाने वास गेला, असं आम्हाला वाटलं. मी खाली पडलेला रोलर उचलायला वाकले आणि थांबले. पायांशी वास तसाच होता, दाट.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो हे मी पेपरात लिहिलं होतं. भोक बुजवताना मात्र डोक्यात आलं नाही. आणि आता बोलायला धीर होत नव्हता. मामा इतका खूश होता. शिवाय वाटलं, मी गॅसचं नाव काढलं आणि आई घाबरली, तर बाबा पुन्हा भंगाराचं काढतील. पण न बोलून तिला त्या गाडीत उभं करायचं?

"मामा... ते भोक बहुतेक हवं होतं."

"कुठलं?"

"सिलेंडरखालचं. आपण बुजवलं ते."

"बाय, होरीला कोन भोक ठेवतो का?"

"पण ही पाण्यात नाही ना चालत. गॅस जड असतो, खाली साचतो. त्याला बाहेर जायला वाट लागते."

"झाली हिची शिकवणी सुरू," बाबा दारातून म्हणाले.

आई उकिडवी बसली, नाक जमिनीशी नेलं. उभी राहिली. पुन्हा बसली.

"खाली वास हाय. वर नाय," ती म्हणाली. मग मामाकडे वळून, "पाड भोक."

"ताई, मना नाय जमायचं. आख्खा जलम भोकं बुजवण्यात गेला."

"मग एक पाडून बग. पाप नाय लागनार."

बाबा हसले, मग मामाही. सिलेंडर बाहेर आणला, सगळं उघडं टाकलं, सुपाने वारा घातला. आई वाकून वाकून वास घेत राहिली आणि तिने हो म्हटल्यावरच मामाने ड्रिल हातात घेतलं. आधीच्यापेक्षा मोठं भोक पाडलं, अंगठा जाईल एवढं. कडा स्वतः रेझिनने बंद केल्या, नवी जाळी लावली. "आता उंदीर पन नाय यायचा," असं पुटपुटला. बाबा वायसर आणि नवी नळी घेऊन आले. मला कोणी शाबास म्हटलं नाही. पण रंग कुठला लावायचा, हे मामाने आईच्या आधी मला विचारलं.

पिवळा लावला.

ज्या दिवशी गाडी पुन्हा फाट्यावर उभी राहिली, त्या दिवशी मी नुकतंच सुरू झालेलं कॉलेज बुडवून सोबत गेले. आईने आधी वाकून जमिनीचा वास घेतला, मग काडी ओढली. तेल तापायच्या आतच एक नेहमीचा ड्रायव्हर खिडकीशी आला.

"मावशी, इतके दिवस कुठे होता?"

"रिपेरला गेलेले," आई म्हणाली आणि बांगडा तेलात सोडला.