टाचा उचलत राहा

भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला नाडी मोजणारा चिमटा. एवढीच ती चाचणी. कुणीही म्हणेल, यात काय मोठं, एसटीची वाट बघताना आपण याहून जास्त वेळ उभे असतो. पण जो माणूस कित्येक आठवडे पलंगावरून उठलेलाच नाही, त्याचं तेवढ्यानं डोकं गरगरतं. या चाचणीत मी एका माणसाला खोटं पास केलं. बरीच वर्षं कुणापाशी बोलले नाही. घरीसुद्धा नाही.

मी मूळची इलेक्ट्रॉनिक्सची. उमेदीची वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत, मोठ्या ताकदीच्या मायक्रोवेव्ह ट्यूबवर गेली. घरातल्या ओव्हनमध्ये असते तिची ही दांडगी थोरली बहीण. आत हवा नसते. एका टोकाला तापलेली चकती, तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो, चुंबक त्याला बारीक वाटेनं नेतं, आणि त्याची ताकद लहरी करून बाहेर काढतात. अशी ट्यूब बरेच दिवस कपाटात पडून राहिली की आतल्या धातूतून थोडा वायू सुटतो. मग तिला एकदम पूर्ण व्होल्टेज द्यायचं नाही. थोडं चढवायचं, थांबायचं, बघायचं, पुन्हा थोडं. घाई केली तर आत ठिणगी पडते आणि ट्यूब कायमची जाते. एकदा आमच्या साहेबांना कुणाला तरी दाखवायला ती लगेच चालू हवी होती. मी बटणांपुढे खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, आज होणार नाही. साहेब चरफडले, पण परत गेले. या गोष्टीचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. आज तिचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

त्याच साहेबांनी पुढे मला कार्ल्याला आणलं. हायवेला लागून एक बंद पडलेलं हॉटेल भाड्यानं घेतलं होतं, अंतराळप्रवासाची नक्कल करायला. नक्कल म्हणजे काय, तर डोक्याकडे उतरते केलेले पलंग. अंतराळात रक्त पायांतून डोक्याकडे सरकतं, आणि उतरत्या पलंगावर पडून राहिलं की जमिनीवरही तेच घडतं. जेवण, अंघोळ, सगळं आडवंच. मग माणसाला उठवायचं आणि शरीर पुन्हा कसं सावरतं ते मोजायचं. यंत्रं माझ्याकडे होती. डॉक्टर रजेवर असले की पलंगांचा मजलाही माझ्याकडे.

पैसे घेऊन या पलंगांवर पडून राहणाऱ्या माणसांत एक जण टाकवे बुद्रुकचा होता. चाळिशीला टेकलेला, कारखान्यात कंत्राटी कामाला, घरची भाताची थोडी खाचरं. बोलायला मिस्कील. पहिल्या दिवसांत सगळ्यांचे चेहरे सुजतात, नाकं चोंदतात. बायकोनं व्हिडिओ कॉलवर त्याचं तोंड पाहिलं आणि कुणी मारलं म्हणून विचारलं. हा म्हणाला, अजून चंद्रावर पोचलो न्हाई, वाटंतच हाणलं.

तो पडून असताना लावणी सुरू झाली. तिकडे लावणी सावडीनं होते. आज माझ्या खाचरात तुम्ही सगळे, उद्या तुमच्या खाचरात मी. भावकीनं आणि विहारातल्या मंडळींनी याचं खाचर आधी लावून दिलं, कारण हा नव्हता. आता त्यांची सावड फेडायची म्हणून त्यानं माझा जीव खाल्ला. रोज विचारायचा, मॅडम, कवा उठवताय.

उठवल्यावर काही दिवस तिथंच ठेवून हळूहळू चालवायचं, असं ठरलेलं होतं. डॉक्टरांनी रजेवर जाताना बजावलंही होतं. पण साहेबांचा फोन आला. वरून पाहुणे यायचे होते. त्यांना खोल्या मोकळ्या, चादरी कडक आणि पलंग रिकामे हवे होते. आजारी दिसणारी माणसं भिंत धरून चालताना दिसायला नकोत. मी म्हटलं, अजून ती चाचणी व्हायचीय. साहेब म्हणाले, घ्या ना मग, आज घ्या. गावची माणसं आहेत, काटक असतात. आणि मी घेतली. या वेळी खुर्ची ओढून बसले नाही. ट्यूबसाठी बसले होते.

पहिल्यांदा उभा केला तेव्हा त्याचा रंग उतरला. कपाळावर घाम. पट्ट्यावरचा आकडा घसरला आणि तो भिंतीवरून खाली घसरत बसला. तिथंच थांबायला हवं होतं. तोच म्हणाला, "मॅडम, अजून एक डाव. उद्या आमची सावड हाय. मी न्हाई गेलो तर लोकं काय म्हनतील?"

मी दार लोटून घेतलं आणि त्याला सांगितलं, "टाचा उचलत राहा. हळूहळू. दिसणार नाही असं."

टाचा उचलल्या की पोटऱ्या आवळतात आणि रक्त वर ढकललं जातं. आकडा उभा राहतो. चाचणी निश्चल उभं राहण्याची आहे ती नेमकी यासाठीच, हे मला ठाऊक होतं. तो पास झाला. त्यानं हात जोडले. लय उपकार झाले म्हणाला. पाहुणे आले, रिकामे पलंग पाहून छान छान म्हणाले आणि गाड्या घेऊन भुशीला गेले. त्यांना धरणाच्या पायऱ्यांवर बसून मक्याची कणसं खायची होती.

दुसऱ्या दिवशी तो लावणीला उतरला. वाकून लावताना त्याला बरं वाटत होतं. वाटणारच. डोकं खाली ठेवून जगायला आम्हीच त्याला शिकवलं होतं. हातातली रोपांची मूठ संपली, दुसरी घ्यायला सरळ झाला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन बांधाच्या दगडावर उजव्या खांद्यावर कोसळला. तो खांदा आजही वर जात नाही. कारखान्यानं दुसऱ्याच आठवड्यात दुसरा माणूस घेतला. आमच्या ऑफिसनं सांगितलं, आमच्याकडून तंदुरुस्त गेला होता. मीही तेच सांगितलं.

आणि गावात पसरलं की प्यायला होता. दगडावर पडायला दुसरं काय कारण? झोपायचे पैसे मिळाले ते ढोसले, असं बोलू लागले. हा माणूस दारूला शिवत नाही. पण तंदुरुस्त होता असं आम्हीच म्हटल्यावर त्याचं कोण ऐकणार? त्याला सावडीला बोलावणं बंद झालं. मी अधूनमधून फळं घेऊन जायची. दर वेळी तो मला रस्त्यापर्यंत सोडायला यायचा आणि म्हणायचा, माजंच नशीब, तुमी तर चांगलंच केलं. ते ऐकून मी परत यायची आणि गप्प बसायची. मला माझी किळस येते ती इथं.

यंदाच्या लावणीला त्याच्या गावी गेले. निघण्याआधी साहेबांना फोन करून सांगितलं की मी खरं सांगणार आहे. निवृत्त झालेत, तळेगावला बंगला आहे. म्हणाले, आता कशाला उकरून काढता, त्यालाच त्रास होईल. त्याच्या त्रासाची आठवण त्यांना तेव्हा पहिल्यांदा झाली. मी फोन ठेवला.

त्याच्या ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. टाचांचंही. बायको उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "आमाला कशाला सांगता? आमाला ठावं हाय ह्यो पीत न्हाई. खाचरावर चला. तितं सांगा."

तिघंही गेलो. सावडीची पंधरावीस माणसं चिखलात होती. मी बांधावरून बोलले, एकही वाक्य गाळलं नाही. त्यांच्यातल्या थोरल्या मावशी कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"मंजी त्यो प्यायला न्हवता?"

"नव्हता, मावशी."

"आन तुमाला ठावं व्हतं, पडंल म्हनून?"

"हो."

मावशींनी माझ्याकडे पाठ केली. त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "उतर की रं. डाव्या हातानं मुठी तर देशील."

तो विजार दुमडून चिखलात उतरला. मुठी देऊ लागला. मी बराच वेळ बांधावर उभी होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, त्यानंही नाही. मग मी एकटीच रस्त्याकडे निघाले. या वेळी तो सोडायला आला नाही.