हाताखाली आणलेला खांदा

ये गं, जवळ बस. प्रत्यक्ष येत नाहीस तर कागदावरच बस आणि आत्याची थोडी बोलणी खा. तुझ्या लेकीच्या बारशाचे सगळे फोटो मी काढले आणि त्यात तिची आईच नाही! "कंबर बरी झाली की काढू या," म्हणत दर वेळी आत पळतेस. लेक चालायला लागली. तुझ्या कंबरेसाठी ती थांबणार आहे का?

ऐक. जयलक्ष्मीपुरमच्या या घराच्या पुढच्या खोलीत मी फोटो काढते, ते कुणाकडे शिकून नाही. जन्मभर शिलाईच्या दुकानात मापं घेतली, कुणाचा कुठला खांदा उतरलाय ते लांबूनच दिसायचं. पण हाताला अक्कल उशिरा आली. "पाठ ताठ, हनुवटी वर," सांगायची, आणि नाही जमलं तर स्वतः जाऊन माणूस वळवायची.

मग एच. डी. कोटे गावाहून बसने आपल्यातलंच एक शिंपी जोडपं आलं. लग्नाला पन्नास वर्षं झालेली. लग्नातला फोटो बरोबर आणलेला: तो खुर्चीत, ती मागे उभी, हात त्याच्या खांद्यावर. तस्साच हवा होता. पण तिच्या कंबरेमुळे दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं, आणि उजवा हात वर उठत नव्हता. मी म्हटलं, "स्वल्प, थोडंसंच, एकच मिनिट," आणि कोपर धरून हात उचलला. "अय्यो!" करून ती अशी किंचाळली की मी कोपर सोडून मागे सरले.

म्हातारा तडकला. "अक्का, ती काय ब्लाउजची बाही आहे, वर करून टाचणी मारायला?"

मला तोंड कुठे लपवू असं झालं. ती डोळे पुसत म्हणाली, "चला घरी. बसलेला फोटो मला नको, आणि उभं राहणं आता होत नाही."

त्यांना तसं परत जाऊ द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. आधी माफी मागितली. बसमधून हादरत आलेली बाई ती, तिला जरा आडवं केलं, कॉफी दिली. मग विचारलं, "हात कुठे ठेवला की बरं वाटतं?"

"मांडीवर."

मग मांडीपासूनच सुरुवात. कापड बेतायच्या टेबलाजवळचं उंच स्टूल भिंतीला लावलं, पाठीला गोधडी, पायाखाली पेटी. त्यावर ती नुसती टेकली. नवऱ्याला तिच्यापुढे बुटक्या स्टुलावर बसवलं. तिचा हात मांडीच्या उंचीवरच राहिला. तो तिच्या गुडघ्याशी सरकला, तसा त्याचा खांदाच त्या हाताखाली आला.

"मला आता उठवणार कोण?" तो कुरकुरला.

"पन्नास वर्षं रोज सकाळी कोण उठवतंय?" ती म्हणाली आणि हसली. तेवढ्यात मी बटण दाबलं.

त्याच्या कंबरेपर्यंतचाच फोटो, तिचं स्टूल साडीआड गेलेलं. त्यात ती उभी दिसत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "पदराची निरी जरा सुटलीय." शिंपीण ना!

तेव्हापासून न विचारता मी कुणाला हात लावत नाही, आणि आधी स्वतः त्या जागी बसून बघते. तुझ्यासाठीही बसून बघितलंय. खिडकीजवळची हातांची खुर्ची, उजवीकडे उशी. लेकीला उचलायचं नाही, ती गुडघ्याशी उभी राहील. मान वळत नसेल तर नको वळवूस, कॅमेरा घेऊन मीच फिरेन. सकाळी अंग आखडतं म्हणतेस, तर अकरानंतर ये. या रविवारीच ये गं, दोघी या.